भाड्याचं मोटरहोम आणि गोवा: पहिल्या फेरीत काय आधी, काय नंतर

दिवाळी सरली की पुण्या-कोल्हापूरच्या नातलगांचे फोन सुरू होतात. "मोटरहोम बुक केलंय, रात्री कुठे लावायचं?" मोटरहोम म्हणजे बिछाने, शेगडी आणि संडास आतच असलेली गाडी. आणि हा प्रश्न येतो आगाऊ पैसे भरून झाल्यावर. आमचं घर म्हापशात, गल्ली जेमतेम रिक्षा वळेल एवढी, त्यामुळे "आमच्या दारात लावा" म्हणायचीही सोय नाही.

चूक बहुतेकांची एकच असते. आधी गाडी, मग फिरण्याची यादी आणि रात्र शेवटी. मोटरहोमच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा हवा. आम्हीही पहिल्या वेळी तीच चूक केली होती. मी, बायको, दोन मुलं आणि आई, मुक्काम तीन रात्रींचा. त्यात जे जे चुकलं ते खाली जिथल्या तिथे सांगितलं आहे.

१. आधी रात्री ठरवा

समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये गाडी लावून झोपायचं हे चित्र डोक्यातून काढून टाका. किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याखाली दंड होतो. त्या कायद्यात २०१९ मध्ये ही तरतूद आली. गाडीबाहेर शेगडी मांडून मासे तळणं यातच मोडतं. आत चहा केलात तर कोणी विचारणार नाही, पण रात्री दोन वाजता काचेवर टॉर्च पडेल आणि आजीसकट सगळ्यांना उठून निघावं लागेल.

त्यापेक्षा अंगण असलेलं होमस्टे पाहा. एक खोली घ्या किंवा नुसती गाडी लावण्याचे पैसे ठरवा. मी स्वतः खोली घेतो. आंघोळी आणि आईचा गुडघा, दोन्ही प्रश्न सुटतात. फोनवर एवढं विचारा:

- गेटच्या दोन खांबांमध्ये अंतर किती? टेपने मोजून सांगायला सांगा. "ट्रक येतो हो" हे उत्तर धरू नका. आरशांसह गाडीची रुंदी साधारण अडीच मीटरच्या आत असते, तेव्हा तीन मीटर मोकळे हवेत. गेटसमोरचा रस्ता अरुंद असेल तर तेवढेही पुरत नाहीत, कारण गाडी तिरकी घ्यावी लागते.
- जमीन कसली? चिरे, पेव्हर किंवा घट्ट माती चालेल. किनारपट्टीच्या आगरात वरून गवत दिसतं आणि खाली वाळू असते. भरलेल्या गाडीचं मागचं चाक त्यात रुततं.
- गाडी माडाखाली उभी राहणार का? नारळ छतावर पडला तर सौर पॅनेलची काच जाते आणि ती तुमच्या अनामत रकमेतून भरली जाते.
- १६ अँपिअरचा, म्हणजे गिझरचा मोठा थ्री पिन सॉकेट गाडीपासून किती लांब आहे? त्याचा फोटो मागवा.
- संडासाची टाकी तुमच्या संडासात रिकामी करू द्याल का? हे लाजत विचारलंत तर लाजतच उत्तर येतं. सरळ विचारा.

मुक्कामाची ठिकाणं निवडताना एका दिवसात शंभरेक किलोमीटरपेक्षा जास्त चालवणं येणार नाही असं पाहा. पहिली रात्र फोंड्याच्या बाजूला, दुसरी दक्षिणेला काणकोणात, तिसरी उत्तरेला बार्देश किंवा पेडण्यात, एवढं पुरे. कुलदेवता फोंडा तालुक्यात असेल तर देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या निवासात) खोली मिळते का तेही विचारा. बहुतेक मोठ्या देवस्थानांपाशी गाडी वळवायला जागा आहे. फक्त मंगेशीला सोमवारी संध्याकाळी जाऊ नका. त्या दिवशी पालखी असते.

काणकोणात आगोंद किंवा गालजीबागजवळ राहणार असाल तर किनाऱ्याच्या दिशेने दिवे लावून ठेवू नका. हिवाळ्यात तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडामुळे मादी परत फिरते.

*तपासा: तिन्ही रात्रींचे पत्ते, गेटचे फोटो आणि यजमानाचा होकार लेखी संदेशात आहे? नसेल तर अजून गाडी बुक करू नका.*

२. गाडी आणि कागद

आता गाडी. भाड्याने मिळणारी बरीच मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली असतात, काही पिकअपच्या पाठीवर. दोन प्रकारे मिळतात, चालकासह आणि चालकाविना. पाटी पाहिली की कळतं. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, चालकासह मिळणाऱ्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने घेतलीत तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते आणि गोव्यात अशा गाड्या पकडल्याही जातात.

आरसी बुकात दोन आकडे पाहा. पहिला एकूण वजनाचा. तो ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो. व्यावसायिक गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. दुसरा आकडा बसण्याच्या जागांचा, चालक धरून. "सहा जण झोपतात" आणि "सहा जण बसतात" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालत्या गाडीत बिछान्यावर कोणीही नको, झोपलेलं मूलसुद्धा नको.

चालकासह घेणार असाल तर तो झोपणार कुठे आणि जेवणार कुठे हे आधीच ठरवा. पहिल्या रात्री नऊ वाजता हा विषय निघाला की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

गाडी महाराष्ट्रातून आणत असाल तर ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का ते विचारा. करारात तीन ओळी शोधा: रोजची किलोमीटरची मर्यादा, छताच्या नुकसानीची जबाबदारी आणि टाक्या रिकाम्या करून न दिल्यास होणारा दंड. छताचं नुकसान विम्यातून वगळलेलं अनेकदा आढळतं. पहिल्यांदा चालवणाऱ्याकडून ठोकरही नेमकी तिथेच बसते.

३. ताबा घेताना दोन तास, आणि दिवसाच्या उजेडात

देणारा माणूस घाईत असतो. वीस मिनिटांत सगळं "दाखवतो" आणि किल्ली हातात ठेवतो. तुम्ही घाई करू नका. प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने चालवून पाहा, या क्रमाने:

१. बाहेरून एक फेरी मारा आणि व्हिडिओ घ्या. चारही कोपरे, दोन्ही आरसे, टायरच्या कडा, स्टेपनी. जॅक खरोखर आहे का ते उघडून पाहा.

२. उंची मोजा. विचारू नका, मोजा. आम्हाला साडेनऊ फूट सांगितली होती. टेप लावला तर दहा फूट दोन इंच, कारण छतावरचा एसी नंतर बसवलेला होता. तो आकडा स्केच पेनने कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. फुटांत आणि मीटरमध्येही, कारण रस्त्यावरच्या पाट्या मीटरमध्ये असतात.

३. बॅटरी. बाहेरची वीज न जोडता आतले दिवे, पंखा, फ्रिज आणि पाण्याचा पंप एकदम चालू करून वीस मिनिटं राहू द्या. दिवे मंद झाले किंवा इन्व्हर्टर कोकलू लागला तर बॅटरी थकलेली आहे. दुसरी मागा.

४. गॅस. सिलिंडरची खोली बाहेरून उघडते का आणि तिला खालून झरोका आहे का ते पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गळतीचा सेन्सर जमिनीजवळ हवा आणि तळातल्या झरोक्यावर चटई नको. जोडाला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गाडी घेऊ नका.

५. संडास. कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, स्वतः बाहेर काढा आणि परत बसवा. नवरा-बायको दोघांनीही. रात्री गरज पडते तेव्हा ज्याला येतं तोच नेमका झोपलेला असतो.

६. शेवटी चालवणं. मोकळ्या मैदानात दोन बाटल्या उभ्या ठेवा आणि त्यांच्यामधून गाडी मागे घ्या. पाच वेळा.

*सावधान: गाडी संध्याकाळी घेऊन लगेच रस्त्याला लागू नका. पहिली रात्र शक्यतो गाडी घेतली त्या गावातच काढा. काही बिघडलं तर परत जाता येतं.*

४. सामान

जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, वरच्या कप्प्यांत फक्त कपडे आणि कुरकुरे. सुटकेस नको, मऊ पिशव्या आणा. कपाटाची आणि फ्रिजची खिट्टी बोटाने दाबून ऐका, टक् असा आवाज यायला हवा. आमच्याकडे तो आला नव्हता. पर्वरीच्या अलीकडच्या पहिल्या गतिरोधकावर फ्रिजचं दार उघडलं, आईने पहाटे उठून केलेली सोलकढी जमिनीवर गेली आणि पुढचे तीन दिवस गाडीला लसणाचा वास येत होता. मुलांना तेवढंच लक्षात आहे.

पाण्याची टाकी निघताना अर्धीच भरा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि चढावर ते जाणवतात.

५. रस्त्यावर

महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपासून कर्नाटकच्या हद्दीवरच्या पोळ्यापर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ६६, करमल घाटासारखे भाग सोडले तर, बराचसा रुंद आहे. रुंद भागात सहसा अडचण येत नाही. अडचण महामार्ग सोडल्यानंतरच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये असते: दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर फणसाची फांदी, तिच्याखालून लोंबणारी केबल आणि समोरून दोन बादल्या लटकवलेली स्कूटर. फोनवरचा नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो. तो गाडीची रुंदी विचारत नाही. यजमानालाच विचारा, "दुधाचा टेम्पो कुठून येतो?" तो सांगेल त्याच वाटेने जा.

शेपूट. कारवाल्याला हे माहीतच नसतं. मागच्या चाकाच्या मागे दीड-दोन मीटर बॉडी असते. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा ते शेपूट डावीकडे बाहेर फेकलं जातं. मी गेटमधून बाहेर पडताना उजवा आरसा पाहत राहिलो आणि डाव्या शेपटाने चिऱ्याच्या खांबाचा कोपरा उडवला. यजमानीणबाई म्हणाल्या, "खांब जुना होता." खांबाचे पैसे दिले ते वेगळे, गाडीचे वेगळे. तेव्हा पूर्ण शेपूट खांबाबाहेर येईपर्यंत स्टिअरिंग सरळ ठेवा, मग वळा.

मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे. आवाजाचे इशारे आधी ठरवा. "ये ये ये" आणि "थांब" एवढे दोनच शब्द. माणूस आरशात दिसत नसेल तर गाडी थांबवायची. आणि त्याने वरही पाहायचं, फक्त चाकाकडे नाही.

घाट. काणकोणला जाताना करमल घाट लागतो. वळणं आंधळी आहेत आणि समोरून येणारे ट्रक मधल्या रेषेवर असतात. ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापतात आणि खाली पोचेपर्यंत पकड ढिली होते. मागे रांग लागली तर जागा मिळेल तिथे डावीकडे थांबून सगळ्यांना जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

फेरीबोट. दिवाडीला किंवा केरीहून तेरेखोलला गाडीसह जायचा मोह होतो. ओहोटीला बोटीची फळी जास्त उतरती होते आणि चाकं फळीवर चढताना मागचं शेपूट धक्क्याला घासतं. माझं मत विचाराल तर मोटरहोम अलीकडच्या तीरावर ठेवा आणि चालत बोटीत चढा. पायी प्रवाशाला पैसेही पडत नाहीत.

पणजीतही तसंच. फोंताइन्यासच्या गल्ल्यांत ही गाडी शिरत नाही. छताखालच्या पार्किंगच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा असतो, तिथे मागे रांग लावून अडकू नका. गाडी मुक्कामी ठेवा आणि कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस धरा. म्हापशाहून पणजीला शटल आहे, तिकीट खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी बाजारपेठेच्या बाजूला मोटरहोम आणूच नका.

*तपासा: दुपारी चारला मुक्कामाच्या गावात आहात का? नसाल तर उरलेलं ठिकाण रद्द करा. अंधारात अनोळखी गेटमधून गाडी आत घेणं हे पहिल्या फेरीचं काम नव्हे.*

६. मुक्कामी पोचल्यावर

गाडी थांबली की मुलं दार उघडून पळतात, कोणी एसी लावतं, कोणी चहा ठेवतं. सगळं एकदम होतं आणि काहीतरी राहतंच. आमचा क्रम असा:

१. कोणीही उतरण्याआधी चालकाने एकट्याने खाली उतरून जागेभोवती फेरी मारायची. वर, खाली, मागे.

२. गाडी सपाटीला आणायची. ओट्यावर ताटलीत थोडं पाणी ओता, ते कुठल्या कडेला सरकतं ते दिसेल. त्या बाजूच्या चाकाखाली फळी घ्या. थोडा उतार राहिलाच तर उशी चढाकडे करा.

३. हँडब्रेक, पहिला गियर, चाकामागे दगड.

४. मग वीज जोडायची, मग पाणी, आणि सगळ्यांत शेवटी गॅसची चावी उघडायची.

७. वीज, पाणी, संडास

*वीज.* थोडं गणित. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-अवर. साधी शिशाची असेल तर त्यातली अर्धीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या वर खातो. म्हणजे तासाभरात खेळ संपला. लिथियम असेल तर दोन तास. १२ व्होल्टचा छोटा पंखा मात्र रात्रभर चालून अडीचशेच्या आसपास घेतो. "एसी मोटरहोम" या शब्दाचा अर्थ, भिंतीत पिन असेपर्यंत एसी, असा घ्या.

वायर जाड हवी, अडीच चौरस मिलीमीटरची. आणि ती पूर्ण उलगडा. आमच्याकडे पंधरा मीटरची वायर होती, लागत होती चार मीटर, उरलेल्याचं भेंडोळं पायरीखाली सरकवून ठेवलं. रात्री अकराला जळका वास आला. हात लावला तर भेंडोळं तव्यासारखं. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, मधले वेढे वितळायला लागतात. उरलेली वायर अंगणात सापासारखी मोकळी पसरा, अडखळू नये म्हणून भिंतीच्या कडेने. इंडक्शन आणि एसी एका वेळी लावू नका, यजमानाचा एमसीबी पडेल आणि त्यांच्या घरातला टीव्हीही बंद होईल.

*पाणी.* चौघांनी गाडीतच आंघोळी केल्या तर शंभर लिटर एका दिवसात जातात. आंघोळ खोलीत करा, गाडीतलं पाणी भांडी, तोंड आणि संडासासाठी ठेवा. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. टाकी शेवटची कधी धुतली हे तुम्हाला ठाऊक नसतं.

*संडास.* कॅसेट साधारण वीस लिटरची. चार-पाच जणांत दीड ते दोन दिवस. भरण्याच्या खुणेची वाट न पाहता रोज सकाळी रिकामी करा, अर्धी असतानाच उचलायला हलकी असते. ती फक्त संडासाच्या भांड्यात ओतायची. गटारात, शेतात, माडाच्या आळ्यात कधीच नाही. गोव्यातली चिऱ्याची जमीन सच्छिद्र असते. वर ओतलेलं खाली झिरपतं आणि शेजारची विहीर कोणाच्या तरी पिण्याची असते. कॅसेटमध्ये फिनाइल किंवा ब्लीच टाकू नका. यजमानाच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू त्याने मरतात आणि रबरी कडा चिरते.

भांड्यांचं सांडपाणी बादलीत धरा आणि न्हाणीघरात ओता. खरकटं आधी कागदाने पुसून घ्या. माशाचे काटे नळीत गेले तर पुढचं तुम्हीच बघा.

८. सकाळी निघताना

सात वाजता पदेराचा, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईल. पिशवी घेऊन धावा, पोयी (त्याचे पाव) संपतात. नाश्ता होईपर्यंत कोणी काही आवरू नये, ही आमच्या आईची अट होती आणि ती बरोबर होती. घाईत आवरलं की काहीतरी उघडं राहतं.

मग संध्याकाळचा क्रम उलटा. आधी गॅसची चावी बंद, सिलिंडरपाशी, शेगडीपाशी नाही. मग पाण्याचा पंप, मग वीज. वायर गुंडाळून आत, छतावरची खिडकी बंद, पायरी आत, खिट्ट्यांचा टक् आवाज. आमच्याकडे छताच्या खिडकीची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलाकडे दिली होती, आणि तोच एकटा तिन्ही दिवस चुकला नाही. शेवटी चालकाने गाडीभोवती एक फेरी मारायची. पहिल्या दिवशी मी ती मारली नाही आणि चाकामागचा दगड तसाच होता.

*सावधान: वायर भिंतीत असताना गाडी हलवणारे लोक खरोखर असतात. किल्ली वायरच्या खोक्यात ठेवा, म्हणजे वायर आत आल्याशिवाय किल्ली हाताला लागत नाही.*

९. परत देताना

ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी पोचायचं धरा. कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी शेवटच्या मुक्कामीच रिकामी करा, वाटेत जागा मिळणार नाही. डिझेल घेतलं होतं तेवढं भरा आणि पंपाची पावती ठेवा. पंपाच्या छपराखाली शिरण्याआधी समोर चिकटवलेला तो कागद बघा.

घेताना जो व्हिडिओ काढला होता तो उघडून त्याच क्रमाने पुन्हा फेरी मारा, या वेळी देणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन. ओरखडा असेल तर तुम्हीच दाखवा. अनामत रक्कम किती दिवसांत परत येणार हे त्याच्याकडून संदेशात लिहून घ्या, तोंडी नको. मग गाद्या उचलून खाली बघा. आमचा एक चार्जर, आईचा चष्मा आणि पोरांनी गालजीबागला वेचलेले शिंपले तिथेच सापडले.